हॉलमधले मोठे चित्र

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात जे आले ते थोडेफार सावरून येथे दिले आहे.)

 

दर वर्षी या दिवशी आपल्याकडे पंचशील, अष्टांगिक मार्ग, बावीस प्रतिज्ञा, शिक्षणाचे महत्त्व या विषयांवर भाषणे होतात. ती झालीच पाहिजेत. यंदा मात्र समितीच्या तरुण मंडळींनी आम्हाला भलताच विषय दिला. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आयुष्यभर पोरांना चित्रकला शिकवली. आता वस्तीत नवी घरे झाली. ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये ती भिंतभर चित्रे लागली, त्यात काय काढलंय ते घरमालकालाही सांगता येत नाही. त्यावर बोला." आम्ही आधी हसलो. मग रात्री त्यावर विचार करता करता आमची झोप उडाली. का उडाली ते पुढे येईलच.

आपल्या तळेगाव ढमढेऱ्यात इथे बसलेल्या निम्म्या लोकांचे बालपण पत्र्याच्या नाहीतर कुडाच्या घरात गेले. तिथे भिंत ही चित्र लावायची जागाच नव्हती. खिळा ठोकला की मूठभर माती खाली. एक फळी असायची, फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, बाजूला कॅलेंडर आणि कंदिलाची काजळी. तेच आपले 'इंटिरियर'. पुढे सणसवाडीला, रांजणगावला कारखाने आले. पोरे कामाला लागली, काही सुपरवायझर झाली, काही इंजिनियर झाली. स्लॅबची घरे उठली, कोणी शिक्रापुरात फ्लॅट घेतला. घर आले तसा हॉल आला. हॉल आला म्हणून सोफा आला. आणि सोफा आला तेव्हा त्याच्या वरची भिंत उघडी दिसू लागली.

आम्हीही आमच्या मुलाबरोबर पुण्याच्या एका दुकानात असे चित्र घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "पडदे कोणत्या रंगाचे?" चित्र कशाचे हवे, हे त्याने विचारलेच नाही. तीस वर्षे चित्रकला शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबला. पण त्याने सांगितलेल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून सांगून ठेवतो. चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश असावी, म्हणजे सोफा सात फुटी असेल तर चित्र साडेचार-पावणेपाच फुटांचे. आणि चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला यावा, जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास. आपण सगळे जण चित्र छताला टेकवून लावतो आणि मग मान दुखेस्तोवर वर बघतो.

जे त्याने सांगितले नाही ते आम्ही सांगतो. या दुकानातली पुष्कळ चित्रे हाताने रंगवलेली नसतात. कॅनव्हासच्या कापडावर यंत्राने छापतात आणि वरून एक पारदर्शक, दाट लेप कुंचल्याने फिरवतात, म्हणजे हाताला खरखर लागते आणि गिऱ्हाइकाला वाटते, रंग आहे. भिंग घेऊन पाहा, बारीक ठिपके दिसले तर ते छापील. छापील असणे हा काही गुन्हा नाही. आपल्या घरातला बाबासाहेबांचा फोटोही छापीलच असतो. पण हाताच्या कामाचे पैसे देऊन छापील घेऊ नका, आणि दोन्हीपैकी काहीही असो, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका.

आता मूळ प्रश्न. ज्यात झाड नाही, माणूस नाही, डोंगर नाही, ते चित्र कसे?

आपल्या आया-आज्यांनी वाकळा शिवल्या. जुनी लुगडी, धोतराचे तुकडे, पोराचा फाटका सदरा. लाल तुकड्याशेजारी हिरवा ठेवायचा की पांढरा, हे ती माउली टाका घालण्याआधी दहा वेळा लावून बघायची. त्या वाकळेत कशाचे चित्र होते? कशाचेच नव्हते. तरी वस्तीतल्या बायका म्हणायच्या, अमकीची वाकळ बघत राहावी अशी आहे. ज्याला वाकळ बघता येते त्याला अमूर्त चित्र बघता येते. यापेक्षा जास्त व्याख्या आम्ही शाळेतही कधी सांगितली नाही.

अशा चित्रांत मराठी माणसांत सर्वांत मोठे नाव वासुदेव गायतोंडे यांचे. जन्म १९२४ चा, आणि तो नागपूरचा. याचा आपल्या दीक्षाभूमीशी काही संबंध नाही, पण नागपूर म्हटले की आपल्या सभेत माना वर होतात, म्हणून सांगितले. घराणे मूळ गोव्याचे, मुंबईत गिरगावच्या चाळीत ते वाढले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेतली. सुरुवातीला तेही माणसे काढत होते. मग हळूहळू चेहरे गेले, हातपाय गेले, रेषा गेल्या, आणि राहिला रंग आणि उजेड. १९५७ साली टोकियोच्या प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री झाले. पुढे दिल्लीला निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या लहानशा खोलीत एकटेच राहिले. लग्न केले नाही, गर्दीत गेले नाहीत. १९८४ च्या सुमारास रिक्षाचा अपघात झाला, आणि त्यानंतर बरेच दिवस मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना जमले नाही. २००१ साली गेले.

त्यांची कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. कुंचला थोडा, रोलर आणि सुरी जास्त. रोलर म्हणजे भिंत रंगवणारे वापरतात तसाच प्रकार. रंगाचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, सुरीने खरवडायचा, त्यावर दुसरा थर. कधी कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे खालचा रंग जिथे तिथे डोकावतो. वर्षाला पाच-सहा चित्रे, बस. बाकीचे दिवस काय करत? बसून राहत. बघत राहत. आमच्या शाळेत एखादा मुलगा असा कोऱ्या कागदाकडे बघत बसला तर आम्ही त्याला ओरडत होतो, ही आमची चूक आता कबूल करतो.

आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की या माणसाला झेन पंथाची ओढ होती. झेन म्हणजे जपानमधला बौद्ध पंथ. संस्कृतातले ध्यान, आपल्या पालीतले झान. भिक्खूंबरोबर तो शब्द चीनला गेला तेव्हा त्याचा चान झाला, आणि जपानला पोहोचला तेव्हा झेन झाला. म्हणजे शब्द आपल्याच घरातला, जग फिरून आलेला. गायतोंडे जन्माने बौद्ध नव्हते, त्यांनी दीक्षाही घेतली नव्हती. ते आपल्यातले होते असा दावा आम्ही करणार नाही, तशी सवय बरी नव्हे. पण शांत बसावे, मनातला गोंधळ खाली बसू द्यावा आणि मग हात उचलावा, ही शिकवण त्यांनी जिथून घेतली तो झरा आपल्या ओळखीचा आहे. आपल्या चित्रांना कोणी अमूर्त म्हटले तर ते त्यांना पटत नसे. वस्तूवर न बेतलेले, वस्तुनिरपेक्ष चित्र, असे ते म्हणत.

त्यांची चित्रे मोठ्या जागी लागली. डॉ. होमी भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेतली, त्यात गायतोंडे होते. शास्त्रज्ञ जिथून रोज ये-जा करतात त्या भिंतींवर अशी चित्रे असावीत, हे भाभांना वाटले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने गायतोंड्यांच्या एकट्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. पैशांचे म्हणाल तर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, आणि २०२१ मध्ये दुसरे एक जवळजवळ ४० कोटींना. तेव्हा काढणारा जगात नव्हता. या आकड्यांनी डोळे फिरवून घेऊ नका. त्या पैशातला रुपयाही त्या गच्चीवरच्या खोलीत गेला नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, हे पॅरिस-न्यूयॉर्कचे झाले, आपला काय संबंध? तर आपल्याच पुणे जिल्ह्यात या. भाजे इथले चैत्यगृह पाहिले आहे का? कार्ल्याचे तर पुष्कळांनी पाहिले असेल. भाजे हे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातले. आत गेलो की शेवटाला काय आहे? दगडाचा साधा गोल स्तूप. मूर्ती नाही, चेहरा नाही, नक्षीसुद्धा नाही. जुन्नरच्या लेण्याद्रीच्या डोंगरात आज गर्दी गणपतीच्या दर्शनाला जाते, पण शेजारच्याच चैत्यगृहात असाच मुका स्तूप उभा आहे. कार्ल्याला दर्शनी भिंतीवर बुद्धाच्या मूर्ती दिसतात, पण त्या मागाहून, काही शतकांनी कोरलेल्या. सांचीच्या तोरणांवर बुद्धाच्या जीवनातले प्रसंग आहेत आणि त्यात बुद्ध कुठेच नाही. रिकामे आसन आहे, बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, पावलांचे ठसे आहेत. भोवती माणसे हात जोडून उभी आहेत, ती त्या रिकाम्या जागेला. बुद्धमूर्ती घडू लागल्या त्या इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, मथुरेला आणि गांधारात. त्याआधीची चार-पाचशे वर्षे आपल्या पूर्वजांनी रिकाम्या आसनासमोर वंदना केली. तेव्हा, ज्या चित्रात काही दिसत नाही ते चित्र आपल्याला परके आहे असे कोणी म्हणू नये.

बाबासाहेबांनीही हातात कुंचला धरला होता आणि त्यांनी उघड्या डोळ्यांचा बुद्ध रंगवला, हे आपण सर्व ऐकून आहोत. मिटल्या डोळ्यांचा नाही, उघड्या. ते आम्ही इथे मुद्दाम सांगतो आहोत, कारण आता जे सांगायचे आहे त्यात आम्ही डोळे मिटले होते.

तर आमचे ते चित्र आले. पावणेपाच फुटांचे, निळे आणि राखाडी, मध्ये थोडा जुन्या पितळेसारखा पिवळा. वाईट नव्हते. पण सोफ्यावरची ती भिंत मोकळी नव्हती हो. तिथे बाबासाहेबांचा फोटो होता. आमच्या आईने फार वर्षांपूर्वी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणलेला, पिशवीत पालथा धरून, काच फुटू नये म्हणून रात्रभर मांडीवर ठेवून. पत्र्याच्या घरातून तो आमच्याबरोबर स्लॅबच्या घरात आला. मुलाच्या कंपनीतले एक साहेब सपत्नीक चहाला येणार होते. मुलगा म्हणाला, "अण्णा, फोटो आतल्या खोलीत लावू या. हॉलमध्ये एकच मोठं चित्र बरं दिसतं, दोन झाली की गर्दी होते." चित्रकलेच्या नियमाने त्याचे म्हणणे बरोबर होते. आम्ही स्टूल धरले, त्याने फोटो काढला. आम्हाला कळत होते. त्यालाही कळत होते. आम्ही दोघे रंगसंगतीवर बोलत राहिलो.

साहेब आले, चहा झाला, चित्राचे कौतुक झाले. तेवढ्यात दिवेलागणीच्या वेळेला आमची आई आतून आली. रोज त्या वेळी त्या भिंतीसमोर उभे राहून ती त्रिशरण म्हणते. तिला दिसते कमी. ती सवयीने चित्रासमोर जाऊन उभी राहिली, हात जोडले, मग जवळ जाऊन कॅनव्हास हाताने चाचपला आणि म्हणाली, "बाबा कुठं गेलं? हे कुणाचं हाय?"

कोणी काही बोलेना. साहेबांच्या पत्नीने विचारले, "आजी काय शोधताहेत?" आणि आम्ही म्हणालो, "वय झालंय. विसरतात हल्ली."

ज्या बाईला त्रिशरण-पंचशील अख्खे पाठ, जिला आमच्या शाळेची पहिली फी कोणाकडून उसनी आणली ते नावानिशी आठवते, तिला आम्ही विसराळू ठरवले. ती काही बोलली नाही. आत जाऊन बसली.

रात्री मुलाशी बोलणे झाले. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही शाळेत होता, गाव तुम्हाला ओळखत होतं. मला रोज नवा माणूस भेटतो. आडनाव विचारतो, मग मूळ गाव विचारतो, मग गप्प होतो. एक संध्याकाळ तरी तो गप्प होण्याचा आवाज ऐकायला नको वाटला." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण स्टूल आम्ही धरले होते. इथे बसलेल्या कितीजणांच्या घरी असे स्टूल कोणी ना कोणी धरले असेल, ते आम्ही विचारत नाही. भाड्याने खोली बघायला जाताना गळ्यातले निळे लॉकेट शर्टात घालणारी मुले आपल्यातच आहेत, आणि त्यांची अडचण खरी आहे.

तेव्हापासून आमच्या मनात ते गायतोंडे आणि ते भाज्याचे स्तूप पुन्हा पुन्हा येतात. त्यांनीही चेहरा काढून टाकला. आम्हीही चेहरा काढून टाकला. पण त्यांनी बघून बघून, जे नको ते गाळत आणले. आम्ही मात्र दुसरा काय बघेल या भीतीने जे हवे तेच उचलून आत ठेवले. चित्राचा दोष काही नाही. ते बिचारे निळे आणि राखाडी. त्याला आम्ही पडद्यासारखे वापरले.

इथून जवळ कोरेगाव भीमाला विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे आले होते, तेव्हापासून आपण जातो. त्या स्तंभाकडे चित्रकाराच्या नजरेने पाहा. त्यावर ना घोडा, ना तलवार, ना कोणाचा पुतळा. सरळ दगड, वर निमुळता होत गेलेला. आकार म्हणून तो पुरा अमूर्त आहे. पण खाली नावे कोरली आहेत, 'नाक' शेवटाची, वाचणाऱ्याला लगेच कळावे कोणाची ती. इतका साधा दगड आणि काही लपवत नाही.

आमच्या घरी फोटो परत लागायला अकरा दिवस गेले. पहिल्याच दिवशी लावला असता तर बरे झाले असते, पण मुलगा बोलत नव्हता आणि आम्हीही अडून होतो. शेवटी रविवारी त्यानेच ड्रिल मशीन आणले. फोटो सोफ्याच्या वर, जुन्या जागी गेला. चित्र जिन्याजवळच्या भिंतीवर. तिथे ना दोन-तृतीयांशचा नियम बसतो, ना डोळ्यांची उंची साधते, चढता-उतरता ते तिरकेच दिसते. ते साहेब पुन्हा आले नाहीत. फोटोमुळे नाही, त्यांची बदली झाली.

समितीने विचारले होते की विहाराच्या नव्या सभागृहात व्यासपीठाच्या बाजूच्या लांब भिंतीवर काय लावावे. आमचे मत असे की दुकानातून काही आणू नका. वस्तीतली सात-आठ मुले एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा देऊन बसली आहेत. त्यांना कॅनव्हास आणून द्या, रोलर द्या, आणि काय काढायचे ते सांगू नका. त्यांनी झाड काढले तर झाड, नुसता रंग दिला तर नुसता रंग. बिघडले तर खरवडून पुन्हा. खर्चातला थोडा भार आम्ही उचलू. मुलींना आधी बोलवा, मागच्या वेळी त्यांना फक्त रांगोळीला बोलावले होते.

आईचे सांगायचे राहिले. ती आता दिवेलागणीला फोटोसमोर उभी राहते, वंदना झाली की भिंतीला धरून जिन्याकडे जाते आणि जाता जाता त्या चित्रावर हात फिरवते. आम्ही विचारले, आई, ते कशाचे चित्र आहे ते कळले का? म्हणाली, "कशाला कळाया पायजे? निळं हाय. हात लावला की गार वाटतं."

भन्तेजींनी घड्याळाकडे पाहिले आहे, आणि बाहेर भोजनदानाची पंगत बसायची आहे. थांबतो. जयभीम, नमो बुद्धाय.